घाटाने पारखलेल्या गाड्या

यंदाच्या अंकासाठी 'टिकाऊपणा' हा विषय ठरला आणि संपादकांनी मला गाड्यांवर लिहायला सांगितलं. कुठल्या कंपनीची जुनी गाडी जास्त टिकते, या प्रश्नावर आपल्याकडे कुठेही वाद रंगतो. प्रत्येकाकडे कुणा मामाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीचा दाखला तयार असतो. पण सपाट डांबरी रस्त्यावर, आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीवरून काही ठरवण्यात अर्थ नाही. गाड्या जिथे सर्वांत जास्त सोसतात तिथेच हे बघायला हवं, म्हणून जव्हार-मोखाड्याची वाट धरली.

पालघर जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा डोंगराळ पट्टा. जव्हार समुद्रसपाटीपासून ४५० मीटरच्या आसपास आहे आणि पावसाळ्यात इथे ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. एका अंगाला कसारा-इगतपुरी, दुसऱ्या अंगाला पालघर-डहाणू आणि मधला सगळा प्रवास रस्त्याने. त्यात घाट टळत नाहीत. मोखाड्याहून त्र्यंबकला जाताना तोरंगणचा घाट, खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याला जातानाही वळणंच वळणं. मुख्य रस्ता सोडून पाड्याकडे वळलं की डांबर संपतं आणि दगड सुरू होतात.

मागच्या चाकाला दगड

सकाळी जव्हारच्या नाक्यावर जीपा नंबराने लागलेल्या असतात. 'मोखाडा, मोखाडा, खोडाळा' असा पुकारा चालू असतो. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. टपावरच्या कॅरिअरवर तांदळाचं पोतं, सिमेंटचे पत्रे, पाण्याची टाकी असं काय काय चढतं. आत परवान्यात लिहिल्यापेक्षा जास्त माणसं बसतात आणि मागच्या फाळक्यावर दोघं-तिघं उभी राहतात.

उभ्या गाड्यांकडे नीट बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. उतारावर थांबलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांच्या मागच्या चाकाला दगड लावलेला असतो. हँडब्रेकची केबल ताणली गेलेली, कधी तुटलेलीच. गाडी निघताना एखादा पोरगा दगड काढून पायाशी टाकतो आणि पुढच्या थांब्यावर तोच पुन्हा लावतो. इंजिन पंचवीस वर्षं टिकलं आणि हँडब्रेक पाच वर्षंही टिकला नाही, तर ती गाडी भरवशाची म्हणायची का? हा प्रश्न पुढे सगळीकडे माझ्यासोबत राहिला.

एसटीचं आगार जव्हारला आहे आणि बसवर लोकांचा जीव आहे. पण बस ठरल्या वेळी आणि ठरल्या रस्त्यानेच जाते. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत बाजार, दवाखाना, कॉलेज, कचेरी या सगळ्यासाठी या भागाची भिस्त याच जुन्या गाड्यांवर होती. इथल्या शेतातल्या मोगऱ्याच्या कळ्याही पहाटे तोडून दादरच्या फूलबाजाराच्या वाटेला लावायच्या असतात. गाडी दोन तास घाटात अडकली तरी त्या दिवसाच्या मालाचं मोल जातं.

पाच कंपन्यांचे पाच स्वभाव

नाक्यावरच्या रांगेत सर्वांत जास्त गाड्या महिंद्राच्या. स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपच्या जुळणीपासून या कंपनीने गाड्यांची सुरुवात केली. पुढे कमांडर, मार्शल, मॅक्स आल्या आणि २००० साली बोलेरो. जुन्या पिढीची डिझेल इंजिनं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्रावर बेतलेली. खाली जाड चासी, वर साधा पत्रा. कमांडर आणि मार्शलला पुढे-मागे लीफ स्प्रिंगचे पाटेच आहेत. बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आलं, मागे पाटे राहिले. पाटा तुटला तर तेवढाच एक बदलता येतो, आणि तो बदलायला भारी हत्यार लागत नाही. शिवाय मोखाड्याला लागूनच इगतपुरी तालुका, तिथे महिंद्राचा इंजिनांचा कारखाना. नाशिकला गाड्यांचा कारखाना. ज्या गावात गाडी बनते त्या गावच्या बाजारात तिचे सुटे भाग मिळतात, तिचे मिस्त्री घडतात आणि वापरलेले भागही मिळतात. जव्हारच्या गॅरेजवाल्याला नाशिक ८० किलोमीटरवर आहे. सकाळी फोन केला तर संध्याकाळच्या गाडीने पार्सल येतं.

दुसरी ट्रॅक्स. बजाज टेम्पोने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती आणली. कंपनीचं नाव पुढे फोर्स मोटर्स झालं. तिच्या पोटात मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन. सत्तरीच्या दशकात जर्मनीत टॅक्सी म्हणून धावलेल्या २४० डी मोटारीचं हेच इंजिन. त्या जातीच्या एका गाडीने ग्रीसमध्ये टॅक्सी म्हणून ४६ लाख किलोमीटर पूर्ण केले आणि २००४ साली ती मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. हा विक्रम सांगताना लोक एक तपशील गाळतात. तिच्या मालकाने वाटेत इंजिनं अनेकदा बदलली होती. नाव कंपनीचं झालं, गाडी टिकवली मालकाने. ट्रॅक्सचे जुने चालक तिच्या इंजिनाबद्दल आदराने बोलतात. घाई करत नाही, पण भरल्या गाडीने घाट चढते आणि तक्रार करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तिसरी सुमो. टाटांनी १९९४ साली ती आणली आणि कंपनीचे माजी प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरं तिला दिली. बसायला जीपपेक्षा ऐसपैस, म्हणून लग्नाची वऱ्हाडं आणि शिर्डीच्या फेऱ्या तिच्याकडे गेल्या. पुढच्या दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने धक्के कमी बसतात. पण त्यात बुश आणि बॉल जॉइंटही जास्त असतात, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर ते वरचेवर बदलावे लागतात. २०१९ मध्ये सुमो बंद झाली. मोठे भाग तूर्त मिळतात, पण दाराचं हँडल, काच वर-खाली करणारं मशीन, दिव्याची चौकट अशा किरकोळ वस्तूंसाठी भंगार बाजार धुंडाळावा लागतो.

याच वर्गात टोयोटाची क्वालिस येते. २००० ते २००५ एवढीच वर्षं ती आपल्याकडे विकली गेली, तरी अजून दिसते. तिच्या मजबुतीबद्दल दुमत कुणाचंच नाही. ती कमी वेळा बिघडते. मात्र बिघडली की भाग महाग पडतो आणि त्यासाठी वाट बघावी लागते. शहरातल्या मालकाला हे परवडतं. रोजच्या सीटांवर हप्ता आणि घर चालवणाऱ्याला गाडी चार दिवस उभी राहणं परवडत नाही.

पाचवी मारुती. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं बनलेली ८००, ३५ वर्षं चाललेली ओम्नी आणि २०१० पासूनची ईको. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य केंद्रातले कर्मचारी यांच्या दारात त्या दिसतात. ८०० आणि ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन नीट तेलपाणी केलं तर फार वर्षं चालतं. अडचण खालच्या बाजूची आहे. ८०० ची चाकं १२ इंची, पोट जमिनीला टेकायला आलेलं. दगडी रस्त्यावर सायलेन्सर आणि ऑइलचं चेंबर आधी मार खातं. पुढच्या ॲक्सलवरचं रबरी बूट फाटलं आणि तिकडे दुर्लक्ष झालं, तर आत चिखल जाऊन एका पावसाळ्यात जॉइंट खटखटायला लागतो.

चाक उघडल्यावर

एका गॅरेजात मार्शलचं मागचं चाक उघडलेलं बघायला मिळालं. गॅरेज म्हणजे झाडाखाली चार पत्रे, एक बाकडं, भिंतीवर टांगलेले पान्हे आणि डिझेलने भरलेलं घमेलं. गाडीला जॅक लावून खाली लाकडाचा ठोकळा सरकवला. चाक निघालं, मग ड्रम. हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी तो सुटला आणि काळी बारीक भुकटी खाली पडली. लायनर रिबिटांपर्यंत झिजले होते. ड्रमच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर खाचा लागत होत्या. व्हील सिलिंडरचं रबर फुगलं होतं आणि त्यातून झिरपणाऱ्या ब्रेक ऑइलने लायनरची एक बाजू ओली झाली होती.

मिस्त्रीने ते रबर चिमटीत धरून दाखवलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. कोकणाच्या पावसाळ्यात तर जास्तच. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. घाटात ब्रेक लागला नाही म्हणून घडणाऱ्या अपघातांमागे बऱ्याचदा असं वर्षानुवर्षं न बदललेलं तेल असतं. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे इथले मुरलेले चालक नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावतात.

नवे लायनर बसले, ड्रमला पॉलिश पेपर मारला, रबरं बदलली. मग हवा काढण्याचं काम. एक पोरगा सीटवर बसला, दुसरा चाकाशी. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेल घातलेल्या बाटलीत सोडलं. चाकाजवळून आवाज आला, 'मार... मार... धर!' सीटवरच्याने पेडल दाबून धरलं, खालच्याने निपल सैल केला, बाटलीत बुडबुडे आले, निपल पुन्हा आवळला. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मिस्त्रीने स्वतः पेडल दाबून बघितलं आणि मान हलवली.

या कामाला यंत्र लागलं नाही. लागली ती दोन माणसं, एक बाटली आणि हाताचा अंदाज. जव्हार-मोखाड्यात जुन्या जीपा टिकण्याचं निम्मं कारण या झाडाखाली आहे. कंपनीने गाडी अशी बनवली की ती इथे उघडता आली, आणि इथे ती उघडणारा माणूस होता. दोन्हींतलं एक नसतं तर गाडी दहाव्या वर्षीच भंगारात गेली असती.

पावसाची बाजू

इंजिनाबद्दल सगळे बोलतात, पण इथे गाडीचा शेवट बहुधा गंज करतो. पाड्याच्या वाटेवरचा चिखल चासीच्या पोकळीत जाऊन बसतो आणि तिथे ओल धरतो. बॅटरीखालचा पत्रा, दाराच्या खालची कड, पायाखालचा तळ आणि बॉडी जिथे चासीला बोल्टने आवळलेली असते ती जागा, या क्रमाने पत्रा खायला लागतो. ज्या गाड्यांची चासी वेगळी आहे त्यांचा तळ कापून नवा पत्रा वेल्डिंगने लावता येतो, गाडीची ताकद कमी होत नाही. मारुतीसारख्या छोट्या मोटारींना वेगळी चासी नसते. बॉडी हाच त्यांचा सांगाडा असल्याने तळ सडला की सांगाडाच सडतो. त्यावर ठिगळ मारून रंग देता येतो, पण धडक बसली तर आतल्या माणसाला त्या ठिगळाचा आधार मिळत नाही.

आजही भातलावणी संपली की काही मालक गाडी खालून धुऊन जुनं इंजिन ऑइल फवारतात. काम ओंगळ आहे आणि ते तेल मातीत, ओढ्यात उतरतं हेही खरं. त्यापेक्षा बाजारात मिळणारं गंजरोधक कोटिंग दोन-तीन वर्षांनी एकदा करून घेणं चांगलं. गाडीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

जी दिसत नाही ती गाडी

नाक्यावर दहा जुन्या महिंद्रा दिसल्या आणि एकच सुमो, म्हणून महिंद्रा दहापट टिकाऊ असं म्हणता येत नाही. मुळात या भागात कुठली गाडी किती खपली हे बघायला हवं. आणि ज्या टिकल्या नाहीत त्या नाक्यावर येतच नाहीत. त्या कुणाच्या तरी घरामागे, टायर काढलेल्या, वेलींनी झाकलेल्या उभ्या असतात. टिकाऊपणाचा हिशोब करायचा तर त्याही मोजायला हव्यात. एका वस्तीजवळ मला अशा गाड्या दिसल्या, आणि त्यांत महिंद्रासुद्धा होत्या.

वापराचाही फरक पडतो. गुरुजींची ८०० सकाळी शाळेत जाते, संध्याकाळी परत येते, रात्री पडवीत उभी राहते. जीप दिवसभर भरून धावते. दोघींचं वय वीस म्हटलं तरी दोघींनी काढलेली वर्षं सारखी नाहीत. मीटरवरूनही काही कळत नाही, कारण जुन्या जीपांची मीटरची केबल कधीच तुटलेली असते.

परदेशात याचे मोठे अभ्यास होतात. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून शंभर गाड्यांमागे किती अडचणी आल्या हे काढते. जर्मनीत टीयूव्हीच्या सक्तीच्या तपासणीत कुठल्या गाडीत किती दोष सापडले याचा अहवाल दरवर्षी निघतो, आणि त्यात दहा-बारा वर्षांच्या गाड्याही असतात. दुसरी पद्धत आपल्याला जास्त उपयोगाची. आपल्याकडेही प्रवासी आणि मालवाहू गाड्यांची तपासणी होते. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्या तपासणीत कुठल्या गाडीचा कुठला भाग नापास झाला, हे कंपनी आणि वयानुसार लोकांसमोर मांडलं, तर जुनी गाडी घेणाऱ्या आदिवासी तरुणाला दलालाच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही.

नव्या गाडीचे नवे आजार

जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक असतो. बॅटरी उतरली तर गाडी उतारावर सोडून दुसरा गिअर टाकला की ती चालू होते. नोझल दीड-दोनशे बारच्या दाबाला उघडतं. गावातल्या दुकानातून कॅनमधून घेतलेलं डिझेल थोडं अशुद्ध असलं तरी ती चालवून घेते, आणि पंप-नोझलचं काम नाशिकला जागोजागी होतं. त्याच नाशकात सातपूरला बॉशचा, पूर्वीच्या मायकोचा, नोझल बनवणारा कारखाना आहे.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं. नव्या बोलेरोत आणि पिकअपमध्ये कॉमन रेल आहे. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, आणि डिझेलमध्ये पाणी आलं तर इंजेक्टरचा खर्च अंगावर येतो. सेन्सर बिघडला तर इंजिन ताकद कमी करून घेतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. स्कॅनर जोडल्याशिवाय दोष कळत नाही. या गाड्या धूर कमी सोडतात, ब्रेक चांगले लागतात, चालकासमोर एअरबॅग असते. हवेसाठी आणि माणसासाठी त्या चांगल्याच आहेत. पण दहा वर्षांनी त्या दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे मोखाड्यात येतील तेव्हा त्यांना उघडणारा मिस्त्री तयार असायला हवा. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या इथल्या पोरांच्या हाती पान्ह्यासोबत स्कॅनरही द्यायला हवा. नाहीतर चांगली गाडी केवळ दुरुस्तीवाचून उभी राहील.

गाडी कुणासाठी टिकायची

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या मर्कटवाडीत एका बाईची जुळी बाळं जन्मल्यावर दगावली आणि तिला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागला. राज्यभर त्याची चर्चा झाली. अशा ठिकाणी रस्त्याच्या टोकाशी जी गाडी उभी असते तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, आणि ती अनेकांना वाचवते. पण ती पोहोचेपर्यंत पाड्यातली जीप निघालेली असते, मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे किंवा जव्हारच्या पतंगशहा रुग्णालयाकडे. मध्यरात्री सेल मारल्यावर इंजिन सुरू होणं ही तिथे जगण्या-मरण्याची गोष्ट असते.

आणि याच गाडीत आडव्या बाकांवर पट्ट्याशिवाय बसलेली माणसं आहेत, फाळक्यावर उभी पोरं आहेत, दगडावर थांबणारी चाकं आहेत. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे, की सुरू होते आणि घाट चढते एवढ्याने गाडी भरवशाची होत नाही. ती थांबलीही पाहिजे. ज्या जुन्या गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग आणि चासी धड नाहीत ती कितीही वर्षं चालली तरी तिला टिकाऊ म्हणू नये.

कंपन्यांमध्ये निवड करायचीच, तर या दोन तालुक्यांसाठी माझा कौल वेगळी चासी, मागे पाटे आणि नाशिकला भाग मिळणाऱ्या गाडीला आहे. सीटांच्या धंद्यासाठी बोलेरो आणि ट्रॅक्स, घरच्या वापराला आणि डांबरी रस्त्याला मारुती. क्वालिस मिळाली आणि खिसा असेल तर जरूर घ्यावी. पण नावाच्या आधी गाडी बघा. दिवसाउजेडी, कोरड्या जागी बघा. खाली वाकून चासीवर स्क्रू-ड्रायव्हर टोचा. पत्रा आत गेला तर परत फिरा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. बॅक कॉम्प्रेशनचा धूर जोरात बाहेर आला तर इंजिनाचं काम निघणार. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. घाटात एक फेरी मारा आणि उतारावर ब्रेक दोनदा जोरात दाबून बघा. आरसी, फिटनेस, विमा आणि हरित कर तपासा. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झालं. सध्याचं शुल्क विचारून तेही किमतीत धरा.

आणि घेतल्यावर पहिला खर्च रंगावर, टेपवर, सीट कव्हरवर करू नका. ब्रेक ऑइल, लायनर आणि हँडब्रेकची केबल बदला. तेवढ्याने चाकाखालचा दगड जाईल, आणि मागे बसलेल्यांना सांभाळून नेता येईल.